मंगळवारचे पदार्थ

रात्री उशिरा घरी आलेल्या मुलाने गॅसवरच्या पसरट पॅनचे झाकण उचलले, आत डोकावून पाहिले, झाकण पुन्हा ठेवले आणि हात धुवायला जाता जाता विचारले, "आई, आज काहीच केलं नाहीस का गं? हेच आहे?" पॅनमध्ये शक्शुका होता. टोमॅटो आणि ढोबळी मिरचीच्या दाट रश्शात खळगे करून त्यांत अंडी सोडलेली, पांढरे नुकते धरलेले, पिवळे अजून हलते. त्याच्या विचारण्यात तक्रार नव्हती, हे मला ठाऊक आहे. दमूनभागून आलेला माणूस स्वयंपाकघरात शिरल्यावर सवयीने जे बोलतो, त्यातलाच तो एक प्रश्न होता. तो पोटभर जेवला, पावाच्या तुकड्याने पॅनचा तळ पुसून काढला आणि झोपायला गेला. मी मात्र ओटा आवरताना त्याच्या त्या वाक्यापाशी अडकून पडले.

याच पदार्थाचे आमच्या घरात पहिल्यांदा आगमन झाले, तेव्हा तो एक सोहळा होता. आदल्या दिवशी सामानाची यादी झाली होती, जिऱ्याबरोबर पाप्रिका हवी की नको यावर चर्चा झडली होती, पॅन तसाच टेबलावर आणायचा असतो म्हणून खाली ठेवायला लाकडी फळी शोधली गेली होती, आणि पहिला घास तोंडात जाण्याआधी सर्वांचे फोटो काढून झाले होते. त्या दिवशीच्या रश्शाला आजच्याइतकी चवही नव्हती, कारण टोमॅटो पुरते शिजू देण्याचा धीर कुणालाच नव्हता. तरीही सर्वांनी तोंड भरून कौतुक केले. आता रस्सा तेल सुटेपर्यंत आटतो, अंडे केव्हा फोडायचे ते घड्याळाकडे न पाहता कळते, आणि कौतुक करायला कुणी उरलेले नाही. नव्याचे नऊ दिवस म्हणतात ते खरेच आहे. पण दहाव्या दिवसापासून पुढे त्या पदार्थाचे काय होते, यावर फारसे कुणी बोलत नाही.

मला वाईट वाटले की बरे वाटले, हे त्या रात्री काही ठरवता आले नाही.

जगभरचे पदार्थ घरी करू पाहणाऱ्या माणसाचा फ्रिज एकदा उघडून पाहावा. दाराच्या कप्प्यात त्याच्या हौसेचा सगळा इतिहास ओळीने उभा असतो. ताहिनीची बाटली, जिच्यात तेल वर आणि तिळाचा लगदा तळाशी अशी कायमची फारकत झालेली आहे. मिसोचा, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या जपानी लगद्याचा डबा, ज्याच्या कडा काळपट पडून वाळल्या आहेत. मिठाच्या पाण्यात बुडालेले केपर्स, ज्यांतले जेमतेम चमचाभर कधीतरी पास्त्यावर पडले. शेवटपर्यंत पिळून झालेली, तरी फेकून देववत नाही अशी हरिस्साची, म्हणजे वाटलेल्या लाल मिरच्यांच्या तिखट लगद्याची ट्यूब. यातली प्रत्येक वस्तू कुणाच्या तरी कृतीत अत्यावश्यक म्हणून लिहिलेली होती आणि आपण ती श्रद्धेने आणली होती. पुढे तो पदार्थ एकदा झाला, छान झाला आणि बाटली मागे सरकली. या बाटल्यांकडे पाहून मला बराच काळ ओशाळल्यासारखे होत असे. आता होत नाही, कारण दोष बाटल्यांचा नाही आणि त्या आणणाऱ्याचाही नाही. आपल्यापर्यंत परका पदार्थ येतो तोच मुळी यादीच्या वाटेने: आधी यादी, मग बाजार, मग कृती, मग ताट. ज्या घरांत हे पदार्थ जन्माला आले, तिथे ही वाट बरोबर उलटी होती. आधी भूक, मग फळीवर काय उरले आहे याचा अंदाज, आणि त्यातून जे जमेल ते ताटात. आपण ज्यांना रविवारी मिरवतो, ते आपापल्या गावी बहुतेक मंगळवारचे पदार्थ होते.

शिळ्या पावाचेच पाहावे. भूमध्य समुद्राच्या काठाने नुसती नजर फिरवली, तरी वाळक्या पावाचे काय करायचे या एकाच प्रश्नाची किती उत्तरे सापडतात! टस्कनीत तो पांढरे बीन्स आणि पालेभाज्यांच्या सुपात घालून दुसऱ्या दिवशी पुन्हा उकळतात, ती रिबोलिता. तोच टोमॅटोत शिजवून गरगटला की पाप्पा अल पोमोदोरो. पाण्यात भिजवून, पिळून, कांदा, काकडी, टोमॅटो आणि व्हिनेगरबरोबर कालवला की पान्झानेल्ला. स्पेनमधल्या कोर्दोबात पाव, टोमॅटो, लसूण आणि ऑलिव्ह तेल एकजीव वाटून साल्मोरेखो हे थंडगार, दाट सूप करतात. टोमॅटो तिथे पोचण्याआधीही पाव, लसूण, तेल आणि व्हिनेगर यांचे गाझ्पाचो होतेच, आणि बदाम वाटून केलेले पांढरेशुभ्र आखोब्लांको आजही त्या बिनटोमॅटोच्या दिवसांची साक्ष देते. लेबनॉन-सीरियाकडे वाळलेल्या चपट्या पावाचे तुकडे कुरकुरीत करून सॅलडमध्ये टाकतात आणि वर सुमाकची आंबट, जांभळट भुकटी भुरभुरतात, ते फत्तूश. बव्हेरिया आणि ऑस्ट्रियात दुधात भिजवलेल्या शिळ्या पावाचे गोळे उकळून झेमेलक्नोडेल होतात. मेक्सिकोत आदल्या दिवशीच्या तोर्तियांची, म्हणजे मक्याच्या पोळ्यांची, हीच गत: तुकडे तळायचे, साल्सात मुरवायचे, आणि चिलाकिलेस म्हणून न्याहारीला वाढायचे. दुधात बुडवून, तळून, वर मध ओतलेल्या पावाची कृती तर थेट रोमन काळातल्या पाककृतींच्या संग्रहात आढळते. आज हॉटेलांत तीच फ्रेंच टोस्ट म्हणून फळांच्या महिरपीसह समोर येते. कोंड्याचा मांडा करण्याची ही कला इतक्या मुलखांत, इतक्या शतकांत, कुणी कुणाला न विचारता घडत गेली आहे.

आणि ही नुसती काटकसर नाही. या कामाला शिळा पाव ताज्यापेक्षा खरोखरच सरस असतो. पाव शिळा होतो म्हणजे तो वाळतो, असे आपण धरून चालतो. जाँ-बाप्तिस्त बूसँगो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८५२ मध्ये दाखवून दिले, की पावातली ओल अजिबात उडू दिली नाही तरी तो शिळा होतोच, आणि साधारण ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवला की पुन्हा मऊ होतो. भट्टीत पाणी पिऊन फुगलेले पिष्टाचे कण निवताना पुन्हा एकमेकांना घट्ट धरू लागतात, त्यालाच आपण शिळेपणा म्हणतो. फ्रिजच्या गारव्यात ही क्रिया विशेष वेगाने होते; म्हणूनच खराब होऊ नये म्हणून फ्रिजमध्ये जपून ठेवलेला पाव बाहेर ठेवलेल्या पावाच्या आधी कडक होतो, आणि फ्रीझरमध्ये गोठवलेला मात्र बराच काळ तसाच राहतो. ताजा पाव रश्शात घातला तर त्याची चिकट खळ होते. शिळा पाव रस पितो, फुगतो, पण आपला आब सहजासहजी सोडत नाही. आदल्या रात्रीच्या भाताचेही तेच आहे. गरम, ओलसर भात कढईत परतला की त्याचा गोळा होतो. गार भाताचा दाणा न् दाणा सुटा राहतो आणि तेलात खरपूस होतो. फ्राइड राइस चिनी घरांत उरलेल्या भाताचा करतात तो यामुळे. फक्त उरलेला भात रात्रभर ओट्यावर राहू देऊ नये. बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू शिजण्यातूनही वाचतात आणि कोमट भातात वाढून असे विष तयार करतात, जे पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. भात लवकर निववून फ्रिजमध्ये गेला पाहिजे.

भाताच्या तळाला धरलेली खरपुडी हाही असाच एक उरलेला ऐवज. इराणमध्ये ती मुद्दाम तेल-तूप घालून, कधी केशर कालवून, सोनेरी होऊ देतात आणि ताहदीग म्हणून पाहुण्याच्या ताटात मानाने वाढतात. वॅलेन्सियातल्या पाएल्याचा जाणकार वरच्या भाताकडे पाहतही नाही, तो पसरट परातीच्या तळाशी चिकटलेला सोकार्रात चमच्याने खरवडत असतो. कोरियात तळाच्या खरपुडीवर पाणी ओतून उकळतात. पोटात गरम पेज जाते आणि पातेलेही आपसूक सुटते. ही खरपुडी जमवायची तर कानाने स्वयंपाक करावा लागतो. पाणी असेपर्यंत पातेल्यातून बुडबुड्यांचा जाडसर आवाज येतो, मग तो बारीक होत जातो, आणि शेवटी कोरडी, अगदी हलकी तडतड सुरू होते. त्या तडतडीनंतर भाजलेल्या धान्याचा वास आला की आच काढायची. झाकण उघडून पाहिले की वाफ गेली आणि खेळ संपला, त्यामुळे सगळा भरवसा कानावर आणि नाकावर. करपणे आणि खरपूस होणे यांत अंतर फार थोडे आहे, आणि ते कुठल्याही पुस्तकात मिनिटांत लिहून भागत नाही.

पाप्पा अल पोमोदोरो करताना मला सर्वांत आवडतो तो त्याचा मधला, काहीसा कुरूप टप्पा. तेलात लसणाच्या ठेचलेल्या पाकळ्या मंद आचेवर ठेवायच्या; त्या कडेने सोनेरी होऊ लागल्या की चिरलेले, चांगले पिकलेले टोमॅटो घालायचे. सुरुवातीला पातेल्यात नुसता गोंगाट असतो, मग रस सुटतो, मग तो आटू लागतो आणि कच्चा, हिरवट वास जाऊन गोडसर वास दरवळतो. आता हाताने तोडलेला शिळा पाव आणि थोडे गरम पाणी. पाव आधी वर तरंगतो, कोरडा, फुरंगटून बसल्यासारखा. आच कमी करून झाकण ठेवावे आणि काही वेळाने उघडून पाहावे, तर पाव आणि रस यांचे अजून काही जमलेले नसते: अर्धे तुकडे लिबलिबीत, अर्धे कडक, आणि मधूनच पातळ पाणी. नवखा माणूस इथे हमखास जोरजोराने ढवळतो किंवा आणखी पाणी ओततो. वास्तविक इथे गॅस बंद करून बाजूला व्हायचे असते. अर्ध्या तासाने येऊन लाकडी डावाने दोनचार वेळा फिरवले की सगळे एकत्र येते आणि चमच्यावर थरथरणारा, मऊ, चमकदार लगदा तयार होतो. वरून कच्चे ऑलिव्ह तेल आणि बेसिलची पाने. टस्कनीतला पाव बिनमिठाचा असतो. त्यामुळे नेहमीच्या पावाने हा पदार्थ करताना तिथल्या कृतीतले मीठ हात राखून घालावे, एवढेच.

हा पदार्थ दिसायला काहीच नाही, आणि त्याचे फोटो कधीच चांगले येत नाहीत.

शक्शुकाचे कुळही हेच. उत्तर आफ्रिकेतल्या, विशेषतः ट्युनिशियातल्या घरांतला हा साधा पदार्थ तिथून स्थलांतर केलेल्या ज्यूंबरोबर १९५० च्या दशकात इस्रायलमध्ये गेला आणि पुढे जगभरच्या कॅफेंच्या पाट्यांवर झळकला. परंतु टोमॅटो आणि अंडे यांची गाठ इतर कितीतरी ठिकाणी पडलेली आहे. तुर्कस्तानात हे दोघे हिरव्या मिरच्यांबरोबर मेनेमेन होतात; तिथे अंडे खळग्यात न बसवता रश्शात अलगद मोडतात. नेपल्सकडे तिखट टोमॅटोत अंडी अख्खी सोडतात. मेक्सिकोत तळलेले अंडे तोर्तियावर ठेवून वर साल्सा ओततात. चीनमध्ये टोमॅटो-अंडे हा इतका घरगुती मामला आहे, की कितीतरी मुले आयुष्यात पहिल्यांदा तोच पदार्थ करायला शिकतात: आधी अंडे बऱ्यापैकी तेलात फुलवून बाजूला काढायचे, मग त्याच कढईत टोमॅटो चिमूटभर साखर घालून शिजवायचे, मग अंडे परत आत. सामान सगळीकडे तेच. अंडे कोणत्या क्षणी आत जाते आणि त्याला ढवळतात की तसेच सोडून देतात, एवढ्यावर पदार्थ बदलतो. अंड्यातले पांढरे ६२ अंशांच्या आसपास दाटू लागते, पण पुरते घट्ट व्हायला त्याला ८० अंशांच्या जवळ जावे लागते. पिवळे मात्र ६५ ते ७० अंशांतच धरते. म्हणजे पांढरे पक्के आणि पिवळे वाहते हवे असेल, तर उष्णता पांढऱ्यात मुरून पिवळ्यापर्यंत पोचण्याआधी हात आवरता घ्यावा लागतो. आच मंद, झाकण थोडाच वेळ, आणि पांढऱ्यावरची काचेसारखी चमक जाऊन तिथे दुधी रंग आला की पॅन खाली. हे एकदा हाताला कळले की ट्युनिशियापासून चीनपर्यंत कुठलेही टोमॅटो-अंडे परके राहत नाही.

गंमत अशी, की टोमॅटो आणि मिरची ही दोन्ही मूळची अमेरिकेतली. सोळाव्या शतकापूर्वी ट्युनिशिया, तुर्कस्तान, नेपल्स किंवा चीन यांपैकी कुणाच्याही चुलीवर ती नव्हती. नेपल्समधल्या अंतोनियो लातिनी या खानदानी घराण्यांच्या कारभाऱ्याने १६९० च्या दशकात छापलेल्या पाकग्रंथात टोमॅटोचा एक सॉस दिला आहे, तो स्पॅनिश पद्धतीचा म्हणून. म्हणजे ज्या नेपल्सशिवाय आज टोमॅटोच्या सॉसची कल्पना करवत नाही, तिथेही तो एके काळी परक्यांच्या रीतीने करून पाहण्याचा नवलाचा प्रकार होता. कुण्या गृहिणीने तो पहिल्यांदा केला, तेव्हा शेजारणी बघायला आल्या असतील. पुढे काही पिढ्यांनी कुणा दमलेल्या मुलाने झाकण उचलून आईला विचारले असेल, की आज हेच आहे का.

काटकसरीचा धडा मला सर्वांत नीट शिकवला तो दाशीने, म्हणजे जपानी स्वयंपाकाचा पाया असलेल्या पातळ, चवदार पाण्याने. कोम्बू या समुद्री शैवालाच्या वाळक्या पट्टीवर पांढरी पूड धरलेली असते. ती धुवायची नाही, ओलसर फडक्याने फक्त धूळ टिपायची. पट्टी थंड पाण्यात भिजत ठेवायची, मग अगदी सावकाश तापवायची आणि उकळी फुटण्याच्या आधी बाहेर काढायची, नाहीतर पाणी बुळबुळीत आणि उग्र होते. त्यात कात्सुओबुशी, म्हणजे धुरी देऊन वाळवलेल्या माशाचे कागदासारखे पातळ काप, घालून ते लगेच गाळून घ्यायचे. एवढ्याशा खटाटोपातून जे फिकट पिवळे, नितळ पाणी मिळते, त्याच्या चवीने टोकियोतल्या किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाला असे पछाडले, की १९०८ मध्ये त्यांनी कोम्बूतले ग्लुटामेट वेगळे काढून दाखवले आणि गोड, आंबट, खारट, कडू यांहून निराळी अशी उमामी ही चव मांडली. १९१३ मध्ये शिंतारो कोदामा यांनी कात्सुओबुशीतल्या चवीचे मूळ इनोसिनेटमध्ये असल्याचे शोधले. हे दोन घटक एकत्र आले की चव बेरजेने न वाढता गुणाकाराने वाढते, हे विज्ञानाला आणखी पुढे उमगले. पातेल्यात दोन्ही एकत्र घालणाऱ्या हातांना ते केव्हाच माहीत होते.

पण मी थबकले ते याच्या पुढच्या भागापाशी. गाळून उरलेला कोम्बू आणि काप फेकून देत नाहीत. त्यांवर पुन्हा पाणी घालून जरा जास्त वेळ उकळले की दुसरी दाशी निघते, आणि मिसो सूपला व शिजवलेल्या भाज्यांना तीच पुरते. त्यानंतरही उरलेला कोम्बू बारीक चिरून सोया सॉस आणि साखरेत आटवला की भाताबरोबर खायला त्सुकुदानी. ओलसर काप कोरडे परतून त्यांत तीळ मिसळले की भातावर भुरभुरायला फुरिकाके. इटलीतल्या घरांत किसून संपलेल्या पार्मेजानो चीजची टणक साल मिनेस्त्रोने या भाज्यांच्या सुपाच्या पातेल्यात टाकतात, तीही याच जातीची हुशारी आहे. त्या सालीतही ग्लुटामेट ठासून भरलेले असते. फ्रिजच्या दारातल्या मिसोच्या डब्याचे कोडे मला इथे सुटले. मिसो जपानी जेवणाच्या बेतासाठी आणली की ती पडून राहते. टोमॅटोच्या रश्शात, परतलेल्या मशरूममध्ये, बीन्सच्या सुपात, गॅस बंद केल्यावर चमचाभर कालवायची सवय लागली की डबा संपतो. शुद्धतेचे आग्रही यावर नाराज होतील. त्यांना होऊ द्यावे.

मात्र यावरून काहीही केले तरी चालते असा अर्थ काढला तर फसगत होते, आणि एका पिकाच्या बाबतीत ती माणसांच्या जिवावर बेतली. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले लोक मका हजारो वर्षे चुन्याच्या पाण्यात उकळून, भिजवून, साल चोळून काढून मगच वाटत आले आहेत. चुन्याने सालपट सुटते, वाटलेल्या मक्याला चिकटपणा येऊन तोर्तिया थापता येतो, आणि मक्यात बांधलेले नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळण्याजोगे मोकळे होते. कोलंबसानंतर मका युरोपात गेला. चुना मात्र मागेच राहिला. तिकडे गिरण्या होत्या, कोरडा दाणा सहज दळला जात होता, मग हा उकळण्या-भिजवण्याचा उपद्व्याप हवा कशाला? १७३५ मध्ये स्पेनच्या अस्तुरियास प्रांतातल्या गास्पार कासाल या वैद्याने मुख्यतः मक्यावर जगणाऱ्या गरिबांत एक विचित्र रोग नोंदवला: उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर लालसर-काळे चट्टे, मग जुलाब, आणि शेवटी बुद्धिभ्रम. उत्तर इटलीत पोलेंता, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट लापशी, हेच ज्यांचे दोन्ही वेळचे अन्न होते, त्यांच्यात तो पेलाग्रा या नावाने माजला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत त्याने थैमान घातले. हा संसर्ग नसून आहारातल्या उणिवेचा रोग आहे, हे जोसेफ गोल्डबर्गर यांनी दाखवून दिले, तरी ती उणीव नेमकी नायसिनची असल्याचे कळायला १९३७ साल उजाडले. आणि ज्यांच्याकडून मका आला, ते लोक चुन्याच्या त्या एका पायरीच्या जोरावर पिढ्यान्‌पिढ्या मक्यावर निभावून नेत होते.

तेव्हापासून कृतीतल्या एखाद्या बिनकामाच्या वाटणाऱ्या पायरीकडे मी जरा अदबीने पाहते. जिन्नस बदलताना माझा हात अडखळत नाही; क्रिया गाळताना अडखळतो. रोमच्या कार्बोनारा या पास्त्यावरून होणारी भांडणे वाचली की हे विशेष जाणवते. अंडी, पेकोरीनो चीज, ग्वांचाले हे डुकराच्या गालाचे खारवलेले मांस आणि काळी मिरी, याबाहेर एक पाऊल टाकले की लोक चवताळून उठतात, आणि क्रीमचे तर नाव काढायची सोय नाही. परंतु १९५४ मध्ये इटलीतल्याच एका पाकशास्त्राच्या मासिकात छापलेल्या कार्बोनाराच्या कृतीत लसूण होता आणि ग्रुयेर हे स्विस चीज होते. जिला आज पुरातन म्हणून मखरात बसवले जाते, तिची सामग्री ठरूनही फार काळ लोटलेला नाही. अंड्याला थेट आच लावायची नाही, गॅस बंद करून पास्त्याच्या अंगच्या उष्णतेवर आणि पिष्ट उतरलेल्या पाण्यावर सॉस बांधून घ्यायचा, ही गोष्ट मात्र कुणालाही टाळता येत नाही. ती चुकली तर पास्त्यात अंड्याच्या गुठळ्या होतात, मग चीज कुठलेही असो. चणे आणि ताहिनी वाटून केलेल्या हुमुससाठी काबुली चणे शिजवताना पाण्यात चिमूटभर सोडा पडतो, तोही असाच. ताहिनी एखाद्या चमच्याने कमीजास्त झाली तर बिघडत नाही. सोडा राहिला, की सालपटे तोंडात येत राहतात.

पदार्थ घरात असा रुळला, की त्यातून काहीतरी निसटतेही, आणि ते मला अजून खुपते. आमच्या शक्शुकात आता हरिस्सा असतेच असे नाही. कधी उरलेला पालक पडतो, कधी मशरूम, कधी चीजचा शेवटचा तुकडा. ट्युनिशियातल्या एखाद्या बाईने तो ओळखला असता का, कोण जाणे. कदाचित घरात होते ते तिनेही घातले असते आणि माझ्या पालकाला हरकत घेतली नसती. पण सुरुवातीला त्या पदार्थाबरोबर एक मुलूख घरात आला होता. नकाशा उघडून पाहिला गेला होता, तिथे समुद्र कुठे आहे, ऑलिव्ह कुठे पिकतात, असे प्रश्न जेवताना निघाले होते. आता तो नुसता जेवणाचा पदार्थ आहे. त्याचा देश पुसला गेला, नावही घरातल्या बोलण्यात आखूड होऊन बसले. परक्या पदार्थाचे याहून मोठे स्वागत कोणते, असे एका बाजूने वाटते. आणि दुसऱ्या बाजूने असेही वाटते, की आपण पाहुण्याला घरातला केला आणि त्याच्या घरची विचारपूस करायचे सोडून दिले. या दोन्हींपैकी कुठलेच वाटणे मला पूर्ण खरे मानता येत नाही. भूक लागलेल्या माणसाने झाकण उचलून देशाची आठवण काढावी, ही अपेक्षा तशी फाजीलच.

परवा एका मैत्रिणीने पाप्पा अल पोमोदोरोची कृती मागितली. तिला प्रमाणासकट लिहून हवी होती. लिहायला बसले तेव्हा लक्षात आले, की यात मला एकही प्रमाण धड सांगता येत नाही: टोमॅटो किती, तर पाव बुडेल इतके, पाणी किती, तर टोमॅटोला किती रस सुटतो ते पाहून, मीठ, तर पावाची चव घेऊन. शेवटी क्रियाच सविस्तर लिहिल्या, लसणाचा रंग, वासाचा बदल, झाकण ठेवून बाजूला होण्याची वेळ, सगळे. पाठवल्यावर थोड्याच वेळात तिचा निरोप आला, "अगं, घरात आज सकाळचाच पाव आहे, अगदी ताजा. चालेल ना?"

मी कळवले, "नाही चालणार. परवा कर."